‘अनुभव म्हणजे मालकांची सोय’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

कॉलेजात असतानाच मुलांनी एखादं काम धरावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “अनुभव म्हणजे मालकांची सोय. पोरांना सहा-आठ हजारांत राबवायचं आणि वर शिकवलं म्हणून मिरवायचं. माझा मुलगा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतोय. तो सोडून त्याने कुठेतरी हेल्पर म्हणून जावं का?”

राबवण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत डोळ्यांनी पाहिलंय. टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातायला शिकणारा मुलगा अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून येतो आणि वर्षभर कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग उचलत राहतो, लेथला कुणी हात लावू देत नाही. सरकारी योजनेतही दुखणं आहे. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं. मुदत आधी सहा महिने होती, ती वाढवली. ती संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर नव्हतं, म्हणून मुलं आंदोलनाला बसली. त्यांची चीड मला रास्त वाटते. पण ती न शिकवणाऱ्यांवर आणि पुढची वाट न दाखवणाऱ्यांवर आहे. कामच करू नये, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता अभ्यासाचं. २०२३च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. शंभरात एक-दोघांनाही जागा मिळत नाही, ताई. उरलेल्यांनी मेहनत कमी केली, असं कोण म्हणेल? पण अठ्ठाविसाव्या वर्षी ते कंपनीच्या दारात येतात तेव्हा बायोडेटात पदवीनंतरची पाच-सहा वर्षं कोरी असतात. मुलाखत घेणारा तिथेच थांबतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या तरुण पदवीधरांची बेरोजगारी २९.१ टक्के आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांची ३.४ टक्के. निरक्षराला घरी बसणं परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण. पण पदवी हातात आली तरी कामाची ओळख झालेली नसते, हेही त्यात आहेच.

आणि ही ओळख गरिबाच्या मुलाला जास्त लागते. माझा सगळा आग्रह याच्यासाठी आहे. ज्याचा काका कंपनीत आहे, त्याला अनुभवाशिवायही कुणी ना कुणी आत घेतं. ज्याचं शहरात कुणीच नाही, त्याच्यासाठी शब्द कोण टाकणार? वर्षभर त्याचं काम पाहिलेला सुपरवायझरच. ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापाच्या साधनावर, माप अचूक घेतो, मशीनवरचा भाग बिघडला तर लपवत नाही, पुढच्या शिफ्टला नीट सांगून जातो. एवढं त्या माणसाने फोनवर सांगितलं की दुसऱ्या कंपनीचं दार उघडतं. असे फोन मी केलेत, मलाही आलेत. वशिला नसलेल्या मुलाजवळ याहून भक्कम काही नसतं.

कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावर कॉलेज काढलं, ते फी भरायला पैसे नसलेल्या घरच्या मुलांसाठीच. तिथे कामामुळे शिक्षण सुटलं नाही, उलट कामामुळेच ते पदरात पडलं.

तुमच्या मुलाने परीक्षा सोडावी, असं मी म्हणत नाही. प्रयत्न किती करायचे, हे आजच ठरवा, आणि अभ्यासासोबत दिवसाचे चार तास पगारी काम करू द्या. अप्रेंटिसशिप घेणार असाल, तर तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कायद्यानेच अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, तिथे विचारा. ट्रेड कोणता, शिकवणार कोण, विद्यावेतन बँकेत जमा होणार का, शेवटी प्रमाणपत्र कशाचं, हे सगळं करारात लिहिलेलं असलं पाहिजे. करार दाखवायला जे टाळाटाळ करतील, त्यांच्याकडे मुलाला पाठवू नका.