‘सरकारचं कर्ज फेडावंच लागत नाही’ म्हणणाऱ्यांना

चोपडा-यावलकडच्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं: सरकारचं कर्ज फेडावंच लागत नाही, वाटलं तर नोटा छापता येतात, जपानवर आपल्याहून कितीतरी जास्त कर्ज आहे, आपलं कर्ज आपण आपल्यालाच देणं लागतो, आणि घेतलेला पैसा शेवटी रस्त्या-धरणांतच जातो. खाली कुणीतरी शेरा मारलाय, ‘काही व्हत नही भाऊ!’

फेडावं लागत नाही, हे अर्धं खरं. मुदत भरली की सरकार नवे रोखे (कर्ज उभारायचे कागद) काढून जुने फेडतं. आपण मार्चअखेर सोसायटीत पीककर्जाचं नवं-जुनं करतो, तसंच. पण मुद्दल पुढे ढकललं तरी व्याज चुकत नाही. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 50.65 लाख कोटी आणि त्यात नुसतं व्याजच 12.76 लाख कोटी. रुपयातले चार आणे! संरक्षणाची तरतूद याच्या जवळपास निम्मी, आणि शेती मंत्रालयाला मिळाले 1.37 लाख कोटी. वर्षाची तूट, म्हणजे उत्पन्नाहून जास्तीचा खर्च, 15.69 लाख कोटी, म्हणजे नव्या उसनवारीतल्या दर पाच रुपयांमागे चार रुपये जुन्या व्याजाचे.

नोटा छापायच्या, तर 1997 पर्यंत तूट भरायला तशी सोय होती, ती मोडीत काढली. 2006 पासून रिझर्व्ह बँकेने सरकारकडून थेट रोखे घेण्यावरही कायद्याने बंदी आहे. ती उगाच घातलेली नाही; छापलेल्या पैशाची वसुली महागाईतून किराणा दुकानात होते.

जपानचं उदाहरण तर सोडाच. तिथे कित्येक वर्षं व्याजदर शून्याच्या आसपास होता. आपलं सरकार दहा वर्षांच्या रोख्याला साडेसहा-सात टक्के मोजतं.

आता ‘आपलं आपल्यालाच’. विदेशी कर्जाचा वाटा कमी आहे, हे मान्य. 1991 साली सोनं गहाण टाकून परकीय चलन उभं करावं लागलं, तशी वेळ आज दारात उभी नाही. पण ‘आपण’ म्हणजे कोण? सरकारी रोखे असतात बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी यांच्याकडे. म्हणजे ज्याची एफडी आहे, पॉलिसी आहे, पीएफ कापला जातो, त्याच्या पदरात हे व्याज फिरून पडतं. शिरपूरकडे कापूस वेचणाऱ्या बाईकडे यातलं काय असतं? तिने 299 चा रिचार्ज मारला की त्यातले 45 रुपये मात्र जीएसटीत जातात. देणारी ती, घेणारा दुसराच.

राहिला रस्त्या-धरणांचा मुद्दा. केंद्राच्या तुटीत महसुली तूट (रोजच्या खर्चाला कमी पडणारी रक्कम) 5.24 लाख कोटी, म्हणजे कर्जाच्या तीन रुपयांतला एक रोजच्या खर्चात संपतो. पगार, पेन्शन, अनुदानं, व्याज. राज्याचंही प्रमाण जवळपास तेच: 2025-26 च्या अंदाजात एकूण (राजकोषीय) तूट 1.36 लाख कोटी, महसुली तूट 45,891 कोटी. राज्याचं एकूण कर्ज 9.32 लाख कोटींवर जाईल, असा तेव्हा सरकारचाच अंदाज होता. (लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद करा, असं मी म्हणत नाही. द्या, पण चालू उत्पन्नातून द्या.)

कर्ज धरणांतच जातं म्हणणाऱ्याने एकदा अमळनेर तालुक्यात पाडळसऱ्याला जाऊन यावं. तापीवरचा हा निम्न तापी प्रकल्प निधीअभावी वीस वर्षांहून जास्त रखडला. जेवढा रखडला तेवढा खर्च फुगला, कर्जही वाढत गेलं, आणि शेतकरी अजून पाण्याची वाट बघतोय. हात आखडता घ्यायची वेळ आली की सरकार पगार थांबवत नाही, व्याज तर थांबवूच शकत नाही. थांबतात ती कालव्याची कामं आणि कंत्राटदारांची बिलं.

उलट्या बाजूचा, कर्जात बुडून ‘आपली श्रीलंका होणार’ हा मेसेजही तितकाच पोकळ आहे. केंद्राची तूट 2020-21 मध्ये जीडीपीच्या 9.2 टक्के होती, 2025-26 चं लक्ष्य 4.4 टक्क्यांचं होतं.