‘गुलामांच्या हातचा एक कागदही उरला नाही’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या गुलामगिरीविषयी एक मजकूर सध्या या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांना लिहिण्या-वाचण्याची कायद्यानेच बंदी होती, म्हणून त्यांच्या हातचा एक कागदही उरलेला नाही. तिथल्या दफ्तरखान्यांत आहेत ते सगळे मळेमालकांचे कागद, त्यांतून मालकांचंच आयुष्य कळतं. म्हाताऱ्या गुलामांच्या मुलाखती गोऱ्यांनी घेतल्या, तेव्हा त्या टाकाऊ. आणि जे होतं ते आता इंटरनेटवर आलंय, नवं काही हाती लागणार नाही. सबब, गुलामांच्या रोजच्या जगण्याविषयी आज जे लिहिलं जातं ती कल्पना आहे.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या अनेकांना गुलामांविषयी कळवळाच आहे, हे मी जाणतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तेव्हापासून हा विषय आपल्याला परका नाही. म्हणूनच तो चुकीचा सांगितला गेला की मला राहवत नाही.

आधी बंदीचं पाहू. बंदी खरीच होती, पण ती सगळीकडे एकसारखी नव्हती. साउथ कॅरोलायनाच्या १७४०च्या कायद्यात गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड होता. वाचनाचं नाव त्यात नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनाने १८३०च्या कायद्यात वाचनही बंद केलं, पण आकडेमोड शिकवायची मुभा ठेवली. हिशेब येणारा गुलाम मालकाला हवाच होता! शिवाय लोक शिकत असतात म्हणूनच असा कायदा करावा लागतो, ही साधी गोष्ट हा मजकूर विसरतो.

आणि लिहिणाऱ्यांनी लिहिलं. उमर इब्न सईद हा पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा टोरोचा शिकलेला माणूस. १८०७ मध्ये त्याला चार्ल्सटनच्या बंदरात उतरवून विकलं. १८३१ साली नॉर्थ कॅरोलायनात गुलाम असतानाच त्याने आपली जीवनकथा लिहिली, ती अरबीत. सुरुवातीला त्याने कुराणातला ‘अल-मुल्क’ हा सूरा उतरवला आहे. सारं स्वामित्व ईश्वराचं, असं तो सूरा सांगतो, आणि तो लिहिणाऱ्यावर एका माणसाची मालकी होती. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

८ ऑक्टोबर १८५२ रोजी व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलहून मरिया पर्किन्सने नवऱ्याला पत्र लिहिलं. त्यांचा मुलगा अल्बर्ट व्यापाऱ्याला विकला गेला होता. तू तुझ्या मालकाला मला विकत घ्यायला सांग, व्यापाऱ्याच्या हाती मला पडायचं नाही, असं ती कळवते. आपलं काही सामान कुठे कुठे पडलंय, तेही त्याच पत्रात आहे. रोजचं जगणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? हे पत्र टिकलं ते युल्रिच फिलिप्स या इतिहासकाराच्या संग्रहात, जो मळ्यांची व्यवस्था गुलामांना माणसाळवणारी शाळा होती असं मांडत असे. त्याच्या मताविरुद्धचा पुरावा त्याच्याच संग्रहात राहिला.

यातच दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे. कागद मालकाच्या पेटीत सापडला म्हणून त्यातला आवाज मालकाचाच असतो असं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ हा जुन्या कागदांचा संग्रह आहे, १९३० साली स्थापन झालेला. तो उभारणारे हॅमिल्टन मोटारीने गावोगाव फिरून घराण्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करत. त्यांची इतिहासदृष्टी उघडउघड गोऱ्यांच्या बाजूची होती, हे लपवायचं कारण नाही. संग्रहांना नावंही घराण्यांचीच मिळाली. कॅमरन घराण्याचे कागद त्यांतलेच. १८६० च्या सुमारास स्टॅगव्हिलचा मळा आणि आसपासची मिळून या घराण्याची जमीन सुमारे ३०,००० एकर होती आणि गुलाम सुमारे ९००. मालकाने जन्मनोंदी ठेवल्या त्या मालमत्ता मोजायला. पण त्याच नोंदींवरून हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७६ मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबं जुळवून दाखवली. मुलांना वडिलांची, आजोबांची नावं ठेवलेली दिसतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी घराला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. आईबाप आणि मुलं कधीही वेगवेगळी विकली जातील अशा ठिकाणी ही माणसं नात्याची वही नावांतच ठेवत होती.

आपल्याकडेही पेशवे दफ्तरात कुणबिणी आणि बटकी भेटतात त्या बहुधा किंमत, खरेदी किंवा देवघेवीच्या नोंदीत. ती नोंद तिने केलेली नाही, म्हणून ती स्त्री तिथे नाहीच असं आपण म्हणणार का?

हॅरिएट जेकब्ज या गुलाम बाईचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावात आजीच्या घराच्या माळ्यावर ती जवळपास सात वर्षं लपून राहिली, मग उत्तरेला निसटली. १८६१ मध्ये तिने टोपणनावाने आत्मकथा छापली. पुढे कितीतरी काळ विद्वान म्हणत राहिले की ही कादंबरी आहे, आणि ती एका गोऱ्या बाईने लिहिली असावी. जीन फेगन येलिन यांनी रॉचेस्टर विद्यापीठातली जेकब्जच्या हातची पत्रं आणि नॉर्थ कॅरोलायनातले कागद ताडून पाहिले. त्यांची संपादित आवृत्ती १९८७ मध्ये निघाली आणि वाद मिटला. तिला पकडून देण्यासाठी मालकाने १८३५ मध्ये शंभर डॉलरांच्या इनामाची जाहिरात दिली होती. ती सफाईने बोलते, असं त्या जाहिरातीत त्याने स्वतःच लिहिलं आहे.

शिवाय कागद फक्त घराण्यांचे नाहीत, सरकारीही आहेत. यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, दक्षिणेत राहूनही उत्तरेच्या संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या लोकांच्या नुकसानीचे दावे ऐकायला आयोग नेमला गेला. त्याच्याकडे २२,२९८ दावे आले आणि दावेदारांत पूर्वीचे गुलामही होते. जॉर्जियाच्या लिबर्टी काउंटीतल्या साक्षी वाचाव्यात. उत्तरेच्या सैन्याने नेलेली डुकरं, मका, तांदूळ, मध यांचा हिशेब त्यांत आहे. गुलामाची मालमत्ता कशी, असं अधिकारी विचारतात. नेमून दिलेलं काम उरकल्यावर उरलेल्या वेळात आपल्या तुकड्यात पिकवलेलं आहे, असं उत्तर येतं, आणि शेजारी तशी साक्ष देतात. काळ्या सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायलीही अशाच. लग्नाचा दाखला नाही, म्हणून लग्नाला हजर असलेल्या माणसांनी आणि सुईणींनी जबान्या दिल्या.

१९३६ ते १९३८ दरम्यान सरकारी योजनेत घेतलेल्या दोन हजारांहून अधिक मुलाखतींबद्दलचा आक्षेप अर्धा बरोबर आहे, हे मी मान्य करतो. विचारणारे बहुतेक गोरे, मंदीचा काळ, सांगणारे ऐंशीच्या आसपासचे आणि गरजू. पण टाकाऊ? चार्ल्सटनमध्ये सुझन हॅमिल्टन या म्हाताऱ्या बाईंना दोघांनी वेगवेगळं गाठलं. गोऱ्या बाईजवळ त्यांनी दयाळू मालकाची आठवण सांगितली. काळ्या मुलाखतकाराजवळ फटके आणि मुलं विकली गेल्यावर आयांनी केलेला आक्रोश सांगितला. कोणासमोर किती बोलायचं याचा हा हिशेब त्यांना आयुष्यभराच्या धाकाने शिकवला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तरच तो दिसतो.

सगळं इंटरनेटवर आल्याचं म्हणणं तर लांबवायलाच नको. स्कॅन झालेला कागद वाचून, नावं उतरवून घेतल्याशिवाय शोधात सापडत नाही, आणि सूचीत मालकाचं नाव असलं की गुलामाच्या नावाने शोधणाऱ्याला तो दिसत नाही. मोडीच्या रुमालांशी झुंजलेल्या कोणालाही विचारा.

चॅपल हिललाच राइस बॅलार्ड या गुलामांच्या व्यापाऱ्याचे कागद आहेत. त्यांत ६ मे १८५३ चं एक पत्र आहे, टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून आलेलं. लिहिणारी व्हर्जिनिया बॉइड, गरोदर, विक्रीसाठी पाठवलेली. तिच्या पोटातल्या मुलाचा बाप बॅलार्डच्या ओळखीचा एक प्रतिष्ठित न्यायाधीश होता. ती त्याचं नाव लिहीत नाही, फक्त ‘म्हातारा’ म्हणते, आणि आपल्याला व आपल्या मुलांना अनोळखी माणसांत विकू नका म्हणून विनवते. ऑगस्टमध्ये बॅलार्डला खबर मिळाली: एका मुलासह ती विकली गेली, मोठं मूल विकायचं अजून बाकी आहे. तिचं पत्र आणि ती खबर, दोन्ही कागद आज त्याच संग्रहात आहेत.