रडणाऱ्या पृथ्वीला पहिला नंबर

पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना सकाळी लवकर उठायचंय त्यांनी खुशाल झोपावं.

आज तालुक्याला शाळांची पर्यावरण पोस्टर स्पर्धा होती. परीक्षक तिघं. त्यातला एक मी, कारण मी चित्रकलेचा मास्तर, आणि मास्तरचं शाल-नारळावर भागतं. शंभराच्या वर चित्रं आली. त्यातल्या निम्म्या चित्रांत पृथ्वी रडत होती. गोल पृथ्वी, दोन मोठे डोळे, टपटप अश्रू, तोंडात थर्मामीटर, शेजारी अर्धं हिरवं अर्धं वाळलेलं झाड. ही पृथ्वी मी एटीडी करत होतो तेव्हापासून रडतेय. तिच्या डोळ्यातलं पाणी साठवलं असतं तर आमचा टँकर कधीच बंद झाला असता. तिलाच पहिला नंबर मिळाला. दुसरा नंबर दोन हातांवर ठेवलेल्या पृथ्वीला. तिसरा सायकलवाल्या पृथ्वीला.

आणि एक चित्र बाजूला काढलं गेलं. त्यासाठी ही पोस्ट.

नववीतल्या एका पोरीनं काळ्या स्केचपेननं व्यंगचित्र काढलं होतं. गावातला हापसा. हापशातून काळं पाणी येतंय, पुढं रांग. शेजारी मांडव टाकलाय, त्यात पांढऱ्या कपड्यातले एक साहेब भाषण देतायत, मागं बॅनर ‘जल हेच जीवन’. साहेबांच्या पुढ्यात पाण्याची बाटली. आणि साहेबांच्या खिशातून एक पाइप निघालाय, तो मांडवामागून वळसे घेत घेत ओढ्यात सोडलाय. बोलण्याचा फुगा काढलाय, पण आत शब्द एकही नाही. फुगा रिकामाच. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला हे सुचलं! मी मोठ्यानं हसलो. बाकीचे दोघं हसले नाहीत.

एक म्हणाले, “चित्र छानच आहे सर, पण राजकीय वाटतंय.” दुसरे म्हणाले, “बक्षीस वाटायला कोण येणार आहेत, ते माहीत आहे ना?” माहीत होतं. ओढ्याला मळीचं पाणी कुठून येतं तेही तिघांना माहीत होतं. मी म्हणलं, निदान उत्तेजनार्थ द्या. तर म्हणे नको, उत्तेजनार्थवाली चित्रं भिंतीवर लागतात. मग चित्राची सुरळी करून माझ्याच हातात दिली, “तुम्ही ठेवा सर तुमच्याकडं.” निकालपत्रावर तीन सह्या आहेत. तिसरी माझी आहे.

घरी येऊन जेवलो नाही. जुनी हार्डडिस्क काढली. तीत २०१० सालचं एक फोल्डर आहे, नाव ‘तेल’. ते बघत बसलो आणि मामा आठवला.

त्या वर्षी २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला, आठवतंय ना? अकरा माणसं गेली, रिग दोन दिवसांनी बुडाली आणि दीड हजार मीटर खोल पाण्याखालच्या विहिरीतून तेल सुटलं ते ८७ दिवस वाहत राहिलं. जगभरच्या व्यंगचित्रकारांना त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. मी रोज रात्री बसून चित्रं उतरवून घ्यायचो. ब्रॉडबँड रडतखडत चालायचं, एक चित्र उघडेपर्यंत चहा व्हायचा.

आणि चित्रं काय होती राव! ती विहीर ज्या ब्रिटिश तेल कंपनीची, त्या बीपीचं ते हिरवं-पिवळं फुलासारखं बोधचिन्ह आहे ना, कंपनीनं २००० साली घेतलेलं, ‘आम्ही पेट्रोलियमच्या पलीकडे’ असं सांगायला? त्या फुलातून काळं तेल गळतंय. पाकळ्या चिकटल्यात. ग्रीनपीसनं तर त्या चिन्हाची नव्यानं चित्रं काढायची स्पर्धाच लावली. बघा, स्पर्धा अशीही असते. ट्विटरवर कुणीतरी कंपनीच्या जनसंपर्क खात्याच्या नावानं खोटं खातं काढलं, त्याला खऱ्या खात्यापेक्षा जास्त लोक वाचायला लागले.

कंपनीचे साहेब टोनी हेवर्ड. मे संपता संपता कॅमेऱ्यापुढं म्हणाले, मला माझं आयुष्य परत हवंय. अकरा जणांना जाऊन सव्वा महिना झाला होता! पुढं माफी मागितली, पण तोंडातून गेलेला शब्द आणि विहिरीतून गेलेलं तेल, दोन्ही परत भरता येत नाही. १९ जूनला हेच साहेब इंग्लंडात शिडाच्या होड्यांची शर्यत बघायला गेले, त्यांची स्वतःची होडी होती शर्यतीत. तिकडं काळा समुद्र, इकडं पांढरं शीड. व्यंगचित्रकाराला आणखी काय पाहिजे? त्याच आठवड्यात जो बार्टन नावाच्या अमेरिकी खासदारानं भर सुनावणीत माफी मागितली. मच्छीमारांची नव्हे, कंपनीची! सरकारनं तिला नुकसानभरपाईचा निधी काढायला लावला म्हणून.

आणि वॉलरस. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी नीट वाचा. तेल सांडलं तर काय करायचं याचा बीपीनं आधीच सरकारला आराखडा दिलेला होता. त्यात मेक्सिकोच्या आखातात जपायच्या प्राण्यांमध्ये वॉलरसचं नाव. वॉलरस म्हणजे मोठ्या सुळ्यांचा समुद्री प्राणी, तो बर्फात राहतो हो! आखातातलं पाणी आपल्या आंघोळीच्या पाण्याएवढं कोमट. दुसरीकडचा कागद उचलून इकडं लावलेला. संपर्क करायच्या तज्ज्ञांच्या यादीत एक जण असा, जो २००५ सालीच वारला होता. आपल्याकडं मागच्या साली आटलेली विहीर यंदाच्या टंचाई आराखड्यात पुन्हा अधिग्रहित होते, तेव्हा मला तो वॉलरस दिसतो.

तेल किती गेलं? कंपनी पहिल्यांदा सांगत होती, दिवसाला हजार बॅरल. मग आकडा पाच हजार झाला. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांनी सांगितलं, सुरुवातीला दिवसाला ६० हजारांच्या वर जात होतं आणि विहिरीतून एकूण ४९ लाख बॅरल बाहेर आलं. न्यायालयानं २०१५ मध्ये समुद्रात गेलेलं धरलं ३१.९ लाख. बॅरल म्हणजे १५९ लिटर. आपल्याला समजेल अशा मापात सांगतो. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, नंतर तिच्या पन्नास वाघिणी भरून २५ लाख लिटर पाणी यायचं. सरकारी आकडा धरला तर तशा तीनशेच्या वर गाड्या भरतील एवढं तेल.

तर मामा. माझा मामा उदगीरकडचा. दहावी नापास होऊन मुंबईला गेला आणि एका कंत्राटदाराकडून मुंबई हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, लागला. कामाला म्हणजे भटारखान्यात. भांडी, चपात्या, कांदा कापणं. विहीर सोडून दुसरं खोल पाणी न बघितलेला माणूस किनाऱ्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आत, लोखंडाच्या मचाणावर चपात्या लाटत होता. २००५ नंतर त्यानं ते काम सोडलं. कशामुळं ते आम्ही कधी विचारलं नाही.

२०१० च्या जुलैत तो नवा चष्मा करायला माझ्याकडं आला होता. मी हौसेनं त्याला फोल्डर दाखवलं. मामा समुद्रातला ना, त्याला कळणार. एकेक चित्र उघडत होतो, इंग्रजी समजावून सांगत होतो. तेलात माखलेला पेलिकन. तेल पिणारं कासव. होडीतले साहेब. विहिरीच्या तोंडात गोल्फचे चेंडू आणि टायरचे तुकडे कोंबणारे इंजिनियर (हे खरंच केलं होतं, मे महिन्यात, आणि जमलं नाही). ओबामा फडकं घेऊन पुसतायत, कारण स्फोटाच्या तीन आठवडे आधी त्यांनीच समुद्रात नव्या खोदाईला दार उघडलं होतं. मी खो खो हसत होतो. मामा नवा चष्मा लावून पडद्यापाशी वाकून बघत होता. वीस-पंचवीस चित्रं झाल्यावर म्हणाला,

“मेलेली माणसं कुठं हैत रे ह्यात?”

मी म्हणलं, कुठली?

“अकरा म्हणलास की मघा. पक्षी हाय, साहेब हाय, कासव बी हाय. ते अकरा कुठं हैत?”

मी फोल्डर वरखाली केलं. एवढ्या चित्रांत त्यांच्यावरचं एकही मी ठेवलं नव्हतं. कुणी काढलं नसेल असं मी म्हणणार नाही, काढलंच असेल. पण मी उचललं नव्हतं. मला पक्षी आवडला होता.

मग त्यानं २००५ चं सांगितलं, पहिल्यांदाच. २७ जुलै, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावर एका आचाऱ्याचं बोट कापलं. त्याला उपचारासाठी वर प्लॅटफॉर्मवर घ्यायचं होतं. जहाज जवळ आणलं, लाटेनं ते गॅसच्या नळावर आदळलं, भडका उडाला आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं गेली. साडेतीनशेच्या वर वाचली. मामा तेव्हा सुट्टीवर गावी होता, पेरणीला. “आचाऱ्याचं बोट” एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला. मामाच्या डाव्या हाताच्या बोटांवर कांदा कापताना झालेल्या खुणा आहेत. मी लहानपणापासून बघतोय.

आता रात्री साडेअकराला हे टाइप करताना मला राग नक्की कुणाचा आलाय तेच कळेना झालंय.

बीपीचे तेव्हाचे अध्यक्ष स्वानबर्ग ओबामांना भेटून बाहेर आले आणि म्हणाले, आम्हाला लहान माणसांची काळजी आहे. लहान माणसं! लोक भडकले, तेव्हा इंग्रजी आमची मातृभाषा नाही अशी सारवासारव झाली. स्वीडनचे आहेत, असेल, शब्द चुकला असेल. पण शब्द चुकला तरी उंची बरोबर मोजली होती. ज्या दिवशी स्फोट झाला त्याच दिवशी कंपन्यांचे बडे लोक रिगवर गेले होते. कशाला, तर सात वर्षं मोठा अपघात झाला नाही म्हणून कौतुक करायला. खाली विहिरीत सिमेंट धरलेलं नाही, दाबाच्या चाचणीचा आकडा गडबडलाय, त्याचा अर्थ चुकीचा लावलाय, आणि वर सुरक्षेचं अभिनंदन. याच्यावर व्यंगचित्र काढायला चित्रकार लागतच नाही. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडं बी फळा असायचा. आजचे अपघात शून्य. रोज खडूनं लिव्हायचे.”

लक्ष्मणांचा कॉमन मॅन आठवा. बोलत नाही, काही करत नाही, कोपऱ्यात उभा राहून बघतो. पण तो चित्रात असतो! माझ्या फोल्डरमधल्या एकाही चित्रात असा कोपऱ्यात उभा माणूस नाही. हातात कलथा धरलेला.

मान्य करतो, पक्ष्यानं काम केलं. तपकिरी पेलिकन हा लुइझियानाचा राज्यपक्षी, धोक्यातल्या जातींच्या यादीतून आदल्याच वर्षी बाहेर पडलेला, त्याला तसा माखलेला बघून लोकांनी टीव्ही बंद केला नाही. ठीक आहे. रडणारी पृथ्वी काढूनच लहान पोरं ब्रश धरायला शिकतात, तेही ठीक. आणि हो, आमच्या परीक्षकांच्या शाळेवर पत्रे बसवायचेत, ते पाहुण्यांकडूनच येणार आहेत. मला सगळं कळतं.

पण रडणारी पृथ्वी कुणाकडं बोट दाखवत नाही, म्हणून तर ती सगळ्यांना आवडते. पाहुण्यांनी आज तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. ती कुणाच्या खिशातला पाइप दाखवत नाही. आणि माखलेला पेलिकन बघून मीही २०१० साली “अरेरे” म्हणून गाडीत पेट्रोल भरायला गेलोच होतो की.

त्या पोरीनं मात्र पाइप कुठून निघतो ते काढलं.

आणि मी काय केलं ते सांगायचं राहिलं. सांगणार नव्हतो. निकाल लागल्यावर ती माझ्याकडं आली. माझ्याच शाळेची आहे. म्हणाली, “सर, माझं चित्र लागलं नाही भिंतीवर. काय चुकलं?” सुरळी माझ्या काखेतच होती. सांगता आलं असतं. मी म्हणलं, “काळा रंग जरा जास्त झाला बेटा.” ती “बरं सर” म्हणाली आणि पेन्सिलीचा डबा घेऊन जीपकडं गेली. फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखं बोललो मी. आजचे अपघात शून्य.

मघाशी मामाला फोन लावला. सत्तरीला आलाय, लवकर झोपतो, पण उचलला. सगळं सांगितलं. चिडला नाही. चित्रात काय काय आहे ते विचारत बसला. हापसा, मांडव, साहेब, पाइप, सांगत गेलो. तर म्हणाला, “रांगेत माणसं हैत का नुसत्या घागरी?”

मी सुरळी उलगडून कॉटवर पसरली, चार कोपऱ्यांवर चष्म्याची डबी, मोबाइलचा चार्जर, तांब्या आणि चप्पल ठेवली आणि नीट बघितलं. परीक्षक असून दिवसभरात बघितलं नव्हतं. रांगेत नऊ जागा आहेत. पाच ठिकाणी माणसं आहेत, पाचही चेहरे वेगळे, एकीच्या कडेवर पोर. तीन ठिकाणी नुसत्या घागरी. आणि एका ठिकाणी चपलेचा जोड ठेवलाय, नंबर लावून बाई घरी गेलेली. आमच्याकडं अशाच लावतात चपला.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, “मग पोरीचं बरोबर हाय,” आणि “झोप आता” म्हणून फोन ठेवला.

सुरळी पुन्हा केलेली नाही, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून वर उशी ठेवलीय. सोमवारी पहिला तास नववीवरच आहे. काळा रंग जास्त झाला नव्हता एवढं तिला सांगायचंय, वर्गासमोर.