फोटो काढून निघून जाऊ नका हो!

परत तेच झालं. भुसावळहून रात्रीची गाडी पकडायची, माझ्या चित्रांच्या प्रिंटांची नळी उशाशी घेऊन झोपायचं, सकाळी मुंबईत कॉमिक कन्व्हेन्शनला, म्हणजे चित्रकथांच्या मेळाव्याला, टेबल मांडायचं. टेबलाचं भाडं आधीच भरलेलं, काही खपो न खपो.

दुपारी एक जण आला. "भारी आहे," म्हणाला. मोबाईल चित्रावर आडवा धरला, चारी कडा नीट जुळवल्या. सावली पडते म्हणून मलाच बाजूला सरकायला सांगितलं! मित्र पाकीट काढत होता, त्याला म्हणाला, "दोनशे कशाला देतो? घरी प्रिंट मारू."

माझ्या तोंडावर!

ते चित्र कानबाईचं होतं, आमच्या खानदेशातल्या देवीचं. श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे बसते ती, नारळाला डोळे, नाकात नथ. नथीतला एकेक मोती मी मे महिन्यात रंगवलाय. कूलरच्या दमटपणाने कागद फुगतो, म्हणून कूलर बंद. बाहेर 44 अंश. मनगटाचा घाम कागदावर उतरू नये म्हणून हाताखाली पंच्याची घडी, ती दर दहा मिनिटांनी बदलायची.

पैसे नसतील तर नुसतं बघा, बोला, मला आनंदच आहे. वीस रुपयांचं पोस्टकार्डही आहे. पण न विचारता चित्र उचलून नेणं ही चोरीच आहे.

गेल्या श्रावणात आमच्याच चौकात फ्लेक्सवर माझी कानबाई झळकली. खालची सही तेवढी कापलेली.