‘मायसेल्फ’ लिहिल्याने वाक्य नम्र होत नाही

तुमचे आक्षेप दोन आहेत. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ ऑफिसात सर्रास लिहितात, ते नम्र वाटतं, मग मी त्याला चूक का म्हणतो? आणि कर्ता नि कर्म एकच असतील तर ‘सेल्फ’, हा नियम खरा असेल तर ‘शी क्लोज्ड द डोअर बिहाइंड हर’ बरोबर कसं?

दुसरा आक्षेप जास्त चांगला, म्हणून तो आधी. तिने बंद केलं ते दार. कर्म दार आहे. ‘बिहाइंड हर’ फक्त जागा सांगतं, आणि जागा सांगताना इंग्रजी साधं सर्वनाम चालवून घेते. ‘टेक द अम्ब्रेला विथ यू’ हेही त्यातलंच. पण ‘लुक अ‍ॅट’, ‘प्राउड ऑफ’ यांत ‘अ‍ॅट’, ‘ऑफ’ हे छोटं शब्दयोगी अव्यय क्रियापदाला किंवा विशेषणाला चिकटलेलं असतं, तिथे सूट नाही. ‘शी इज प्राउड ऑफ हर’ म्हटलं की अभिमान दुसऱ्याच बाईचा. ‘बिसाइड हर’ की ‘बिसाइड हरसेल्फ’? बॅग शेजारी ठेवली असेल तर दोन्ही ऐकू येतात, त्यावर मी भांडणार नाही.

आता नम्रता. आज्ञार्थात लपलेला कर्ता ‘यू’ असतो, म्हणून तर ‘हेल्प युवरसेल्फ’ जमतं. ‘कॉन्टॅक्ट मायसेल्फ’मध्ये ‘मायसेल्फ’ला धरायला ‘आय’ हा कर्ताच नाही. ‘सेंड इट टू माय मॅनेजर अँड मायसेल्फ’ यातून मॅनेजरला काढा आणि उरलेलं मोठ्याने वाचा, कानच सांगेल. ‘पीपल लाइक मायसेल्फ’ मात्र चांगले लेखकही लिहितात. तिथे माझी तक्रार नाही.

खरं तर आपण मराठी माणसं घसरतो ते वेगळ्याच जागी, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ‘रवीला वाटतं की सुनीलने आपल्याला फसवलं.’ इथे ‘आपल्याला’ म्हणजे रवीला. आपलं सर्वनाम ‘की’ ओलांडून मागच्या कर्त्यापर्यंत पोचतं. इंग्रजी ‘सेल्फ’ला ती उडी मारता येत नाही. ‘रवी थिंक्स सुनील चीटेड हिमसेल्फ’ लिहिलंत की सुनीलने स्वतःलाच फसवलं! इथे ‘हिम’च हवं. त्या ‘हिम’चा अर्थ तिसराच कुणी असाही होऊ शकतो, हे खरं. तशी शंका येत असेल तर सरळ नाव लिहावं.