म्यूट तरी किती करायचं राव

रात्री अकराला विश्रामबागेतल्या खोलीत भडंगाचा डबा मांडीवर घेऊन ऑनलाइन गेमची एक मॅच खेळावी म्हटलं तर समोरच्या टीममधलं कुठलं तरी बेनं पहिल्या मिनिटापासनं चॅटमध्ये आईबहीण सुरू करतंय, आरं लका माझी आई शेजारच्या खोलीत झोपलीय, तिनं तुझं काय घोडं मारलंय!! म्यूट केलं, रिपोर्ट केलं, पुढच्या मॅचला दुसरा हजरच. लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये २०२१ ला समोरच्यांशी चॅटच बंद केलेलं, तर लोक मजा गेली म्हणून बोंबलले, आणि आपल्याच टीमचं चॅट चालू होतं ते वेगळंच. त्यात काल जिंकल्यावर मीच 'जा झोप आता' टाइप करून बसलो...