धनेशाची काच आणि राहून गेलेली जोन

नमस्कार,

आफ्रिकेत वन्यजीवांवर फिल्म करणाऱ्या अ‍ॅलन रूटवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की धनेशाच्या ढोलीला काच लावून केलेलं चित्रीकरण म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांत धूळफेक, आणि मी मात्र त्याची आरती ओवाळली. शिवाय त्याची पत्नी जोन हिला एका ओळीत गुंडाळलं. पहिला मुद्दा मला पटत नाही. दुसऱ्याने दोन दिवस चैन पडू दिली नाही.

आधी काच. ती फिल्म आफ्रिकेतल्या गोरखचिंचेच्या झाडावरची. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल लिंपून ढोलीचं तोंड बंद करून घेते. उरते ती चोचीपुरती फट. रूट दांपत्याने ढोलीची एक बाजू काढून तिथे काच बसवली. पण काचेमागे मादीने जे केलं, ते कुणी तिच्याकडून करवून घेतलेलं नव्हतं. धूळफेक कशाला म्हणतात ते १९५८ च्या डिस्नेच्या फिल्ममध्ये दिसतं. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी मुद्दाम आणून कड्यावरून लोटले आणि ते आपणहून उड्या टाकतात असं दाखवलं. जे घडतच नाही ते घडवणं आणि जे घडतंय ते दिसावं म्हणून भिंत काढणं, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही.

कोकणात धनेशाची ढोली असलेल्या एका बेहड्याखाली मी सकाळभर बसलो होतो. नर आला, मान झटकली, घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत धरलं. आतून चोच आली, उंबर गेलं. मग दुसरं, मग तिसरं. आत काय चाललंय या विचाराने मी अस्वस्थ झालो होतो. ते मला रूटच्या फिल्मने दाखवलं. बिचकून मादी घरटं टाकून गेली असती, तर? हा धोका होता, आणि तो मी लेखात लिहायला हवा होता.

सिंह-हत्तींच्या आफ्रिकेत हा माणूस वाळवीच्या वारुळात शिरला (१९७८ च्या त्या फिल्मला ऑस्करचं नामांकन होतं). केनियातल्या म्झिमाच्या झऱ्यात पाण्याखाली उतरून त्याने पाणघोड्यांच्या शेणावर मासे कसे जगतात ते टिपलं. माझा जीव जडला तो यासाठी.

आता जोन. म्झिमात पाणघोड्याने अ‍ॅलनची पोटरी फोडली, हे मी रंगवून लिहिलं. त्याच पाणघोड्याने त्याआधी जोनवर हल्ला केला होता. सुळा तिच्या मास्कमध्ये घुसला, डोळा थोडक्यात वाचला. हे मला ठाऊक होतं, तरी लिहिलं नाही. १९६१ साली लग्न झाल्यापासून तळ उभारणं, अनाथ पिल्लं वाढवणं, पाण्याखाली सोबत उतरणं, सगळं तिने केलं. पुढे दोघं वेगळे झाले. केनियातल्याच नैवाशा तलावातल्या चोरट्या मासेमारीविरुद्ध ती झगडत राहिली. जानेवारी २००६ मध्ये तिथेच, राहत्या घरात, तिला गोळ्या घालून मारलं.

लेखात 'रूटने वारूळ उघडून दाखवलं' असं वाक्य होतं. आज तिथे 'अ‍ॅलन आणि जोन रूट यांनी' असं केलं आहे, आणि पाणघोड्याचा प्रसंग पहिल्यापासून नव्याने लिहिला आहे. तो एकदा वाचून पाहाल का?